माझ्या डाव्या चाकांचे उलटे आटे

मित्रांनो, मी एक जुना लष्करी ट्रक आहे आणि मला किल्ली नाही. हरवलेली नाही, ती कधी नव्हतीच. सैन्यात किल्ल्या कोण सांभाळत बसणार? खटका वर करा, बटण दाबा, मी सुरू. समोरची दांडी ओढा, मी बंद. आणि दुसरी गोष्ट आत्ताच सांगून टाकतो. माझ्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. जगातले बाकीचे नट ज्या दिशेने सैल होतात, त्या दिशेने माझे डावे नट घट्ट होतात. चाक पळताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून कारखान्यातल्या लोकांनी तसं मुद्दाम केलं होतं. लोक याला माझा आडमुठेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. त्या आडमुठेपणामुळेच मी आज रस्त्यावर आहे, नाहीतर केव्हाच गावाच्या चौकात दगडी चौथऱ्यावर पुतळा होऊन बसलो असतो.

माझा जन्म इंडियाना राज्यातला. दहा टायर, पुढची-मागची सगळी चाकं ओढणारी, आणि मिळेल ते तेल पचवणारं इंजिन. हिरवा रंग दिला, पुढच्या लोखंडी पट्टीवर पांढरी अक्षरं काढली आणि सैन्यात धाडलं. त्या वेळी व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. आता लढाईची गोष्ट येणार असं तुम्हाला वाटलं असेल, पण ती येणार नाही, कारण मी लढाई पाहिलीच नाही. मी दक्षिणेकडच्या एका छावणीत भटारखान्याच्या दिमतीला होतो. बटाटे वाहिले, कांदे वाहिले, उन्हाळ्यात गाद्या उन्हात घालायला माळावर नेल्या आणि संध्याकाळी परत आणल्या. यात लाजण्यासारखं काय आहे? जेवल्याशिवाय कुठलं सैन्य चालतं?

एक काम मात्र मला आवडायचं नाही. छावणीत शिकून तयार झालेल्या मुलांना विमानतळावर पोचवायची पाळी अधूनमधून माझ्यावर यायची. मागच्या फळ्यांवर मुलं दाटीवाटीने बसायची. कुणी गाणं म्हणायचं, कुणी चेष्टा करायचं, बरीचशी गप्प बसायची. मी भरलेला जायचो आणि रिकामा परत यायचो. पुढच्या खेपेला दुसरी मुलं असायची. आधीच्यांचं काय झालं, ते ट्रकला कोण सांगणार? रिकामं परत येताना माझ्या मागच्या फळ्या फार खडखडायच्या. तो आवाज मला आजही सहन होत नाही.

मग नवे ट्रक आले आणि सैन्याला मी नकोसा झालो. एका कुंपणाआड आम्हाला ओळीने उभं केलं. पायांतून गवत वाढलं. माझ्या शेजारच्याला एके दिवशी भंगारवाल्याने माझ्या डोळ्यांदेखत कापला. पुढची पाळी माझी होती. त्या आठवड्यात रेइनो किवेला आला.

रेइनो म्हणजे मिशिगनच्या उत्तर टोकाला, सुपीरियर सरोवराकाठच्या कॉपर लेज गावचा माणूस. रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी चालवून निवृत्त झालेला. बरोबर बायको एल्मा. ती गावातली शाळेची बस चालवायची. रेइनो माझ्याभोवती फिरला, गाडीखाली गेला, बाहेर आला आणि म्हणाला, “एल्मा, बघ, दात सगळे शाबूत आहेत.”

“दात दिसतायत मला,” एल्मा म्हणाली. “खाणार किती ते विचार.”

खाण्याचा प्रश्न रेइनोने सोडवला. लूथरन चर्चच्या सभागृहात शुक्रवारी मासे तळतात. त्या कढईतलं उरलेलं तेल तो आणायचा, जुन्या जीन पँटच्या पायातून गाळायचा आणि डिझेलमध्ये मिसळून मला पाजायचा. मी रस्त्याने गेलो की मागे माशांचा वास सुटायचा आणि गावातली कुत्री पळत यायची. शेजारी विचारायचे, “काय रेइनो, कुणावर स्वारी?” तो म्हणायचा, “बर्फावर. यंदा शरण आणतो.”

आमच्या भागात असे ट्रक पाळणारी मंडळी बरीच आहेत. शनिवारी रेइनोच्या शेडमध्ये जमायचं, कुणाचा ट्रक आजारी असेल त्याला सगळ्यांनी मिळून उघडायचं, मग सौनाच्या, म्हणजे लाकडी वाफघराच्या, वाफेत बसून हाडं शेकायची आणि शेवटी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. या मंडळींची एक रीत आहे. ट्रक घेतलेला प्रत्येक नवा माणूस पहिल्यांदा डावं चाक काढायला जातो आणि नट नेहमीच्याच दिशेने पिळत बसतो. नट जितका हटत नाही तितका त्याला चेव येतो. मग तो पान्याला लांब पाइप लावतो, त्यावर लोंबकळतो आणि बोल्ट मोडतो. प्रत्येक बोल्टच्या टोकाला कारखान्याने ‘लेफ्ट’चं ‘एल’ अक्षर कोरलेलं असतं, पण रंगाखाली ते दिसतं कुणाला? मोडलेला बोल्ट सौनाच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर खिळ्याला टांगतात. खाली नाव. ज्याचा बोल्ट भिंतीवर नाही तो आपल्यातला नाही, आणि ज्याने मोडला त्यानेच तो आपल्या हाताने नवा बसवायचा, इतर कुणी हात लावायचा नाही.

रेइनोने पहिल्याच दिवशी दोन मोडले. ओरेन बोद्री नावाचा त्याचा मित्र आहे, लाकडाच्या गिरणीतला, त्याने टोपी काढून त्याला कमरेत वाकून मुजरा केला. रेइनोने मग एल्माला आधीच सांगून ठेवलं, म्हणून तिच्या हातून काही मोडलं नाही. तिच्या नावाचा खिळा भिंतीवर रिकामाच राहिला. ओरेन तिला चिडवायचा, “एल्मा, तू अजून पाहुणीच.”

“पाहुणी कॉफी करत नाही,” ती म्हणायची. “उद्यापासून तुझी तू कर.”

रेइनोने माझं आणखी एक काम केलं. माझ्या पुढच्या पट्टीवर सैन्याने वेळोवेळी दिलेल्या रंगाचे थर होते. बारीक पॉलिश कागद पाण्यात भिजवून तो ते एकेक थर उतरवत बसला. अख्खा हिवाळा गेला त्यात. सगळ्यात खाली माझी पहिली अक्षरं निघाली. छावणीचं नाव आणि भटारखान्याचा क्रमांक. त्याने एल्माला हाक मारली. “बटाटेवाला निघाला गं,” तो म्हणाला आणि इतका हसला की त्याला खोकला आला. मला मुळीच राग आला नाही. मला कुणीतरी खरं ओळखलं होतं.

मग एका पानगळीत रेइनो गेला. सकाळी बर्फाचं फावडं शोधायला शेडमध्ये आला आणि माझ्या पायरीला टेकून खाली बसला. मी काही करू शकलो नाही. हॉर्नसुद्धा स्वतःहून वाजवता येत नाही आम्हाला. तो हिवाळा मी ताडपत्रीखाली काढला. उंदरांनी माझ्या सीटमध्ये घर केलं. एल्मा शेडच्या दाराशी यायची आणि परत जायची. मला वाटलं, संपलं आता. पण बर्फ वितळल्यावर ती आली, उंदीर हाकलले, बॅटऱ्या जोडल्या, खटका वर केला आणि म्हणाली, “चल रे बटाट्या, रडून झालं माझं.” त्यानंतर कितीतरी वर्षं ती मला एकटी चालवत होती. माझं स्टिअरिंग जड, क्लच तर विचारूच नका, पण शाळेची बस चालवलेली बाई होती ती. शनिवारही तिने बंद पडू दिले नाहीत.

अडचण आली ती तिच्या खांद्याची. माझी पायरी उंच आहे आणि फेब्रुवारीत तिच्यावर बर्फ असतो. एल्मा पडली. खांदा जुळला, पण स्टिअरिंग ओढण्याचं बळ त्यात परत आलं नाही. तिचा मुलगा डेल मिनियापोलिसला असतो. तो फोनवर म्हणाला, “आई, पुरे झालं आता. एक दिवस त्या धुडाखाली सापडशील तू.” एल्मा त्याच्यावर खेकसली आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्या शेडमध्ये उभी राहिली. तो बरोबर बोलत होता हे तिलाही कळत होतं.

त्याच सुमाराला मेरिल ट्रस्कॉट आला. मेरिल थडग्यांचे दगड घडवतो. रेइनोचा दगडही त्यानेच घडवला होता. हात असे की दगड घाबरावेत. युद्धात गेलेल्या मुलांचं स्मारक चौकात उभारायचं गावाने ठरवलं होतं आणि त्या समितीचा तो प्रमुख होता. त्याचा थोरला भाऊ वेस्ली व्हिएतनाममधून परत आला नव्हता.

“मिसेस किवेला,” तो टोपी हातात धरून म्हणाला, “तुमचा ट्रक आम्हाला द्या. ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर ठेवतो. शंभर वर्षं जपू.”

“चालू राहील?” एल्माने विचारलं.

“इंजिन काढावं लागेल. तेल गळतं ना, दगडाला डाग पडतील.”

“तेल गळतंय म्हणजे तेल आहे,” ओरेन कोपऱ्यातून म्हणाला.

मेरिलने बाकीचं सांगितलं. चाकं काढून मला लोखंडी खांबांवर बसवायचं, चाकांत सिमेंट भरून ती नुसती दिसायला परत लावायची, दारं कायमची जोडून टाकायची. खाली पितळी पाटी. पाटीवरचा मजकूर त्याने तोंडपाठ म्हणून दाखवला: या ट्रकने आमच्या शूर मुलांना रणभूमीवर वाहून नेलं.

एल्माने माझ्या पुढच्या पट्टीकडे एकदा पाहिलं. मेरिलच्या चेहऱ्याकडे बघून तिचं धाडस झालं नसावं. ती एवढंच म्हणाली, “ने. मला आता झेपत नाही. पण चाकं मी काढून देणार नाही, ती तुझी तू काढ.”

मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला संताप आला. सगळे म्हणत होते केवढा मान, केवढं भाग्य. पोटातून इंजिन काढायचं, पायांत सिमेंट ओतायचं, तोंडाला खोटी पाटी लावायची आणि याला म्हणायचं जपणं? भंगारवाला निदान खोटं बोलत नाही. मी ठरवलं, मी मदत करणार नाही. ट्रक मदत करत नाही म्हणजे काय करतो? काही करत नाही. उभा राहतो.

एप्रिलच्या एका शनिवारी मेरिल हत्यारं घेऊन आला. मी शेडसमोरच्या चिखलात उभा होतो, ओरेन आणि एल्मा कॉफीचे मग घेऊन बाकावर बसले होते. मेरिलने जॅक लावला आणि डाव्या बाजूच्या मागच्या चाकापासून सुरुवात केली.

“मेरिल, या गाडीचं पुस्तक आहे घरात,” एल्मा म्हणाली. “बघायचंय?”

“नट सोडवायला पुस्तक कशाला, मिसेस किवेला?”

“बरं,” एल्मा म्हणाली आणि कॉफी प्यायली.

त्याने पाना लावला आणि पिळला. मी हललो नाही. त्याने गंज सुटायचं तेल मारलं, थांबला, परत पिळला. माझा नट आणखी घट्ट झाला. मेरिलने कोट काढला. मग आपल्या गाडीतून लांब पाइप आणला. तो पाहताच ओरेनने मग खाली ठेवला. एल्माने ओठ मिटून घेतले. मेरिलने पाइप पान्यावर चढवला, पाय रोवले आणि दगड उचलणारी सगळी ताकद त्याच्यावर टाकली. मी कर्रर्र केलं. त्याला वाटलं, सुटतोय. त्याने आणखी जोर लावला आणि बोल्ट फटकन मोडला. मेरिल चिखलात पाठीवर पडला.

मग ओरेन उठला, त्याने टोपी काढली आणि कमरेत वाकला. “या, या,” तो म्हणाला. “स्वागत आहे.”

“कसलं स्वागत? मोडला तो.”

“त्याचंच.”

त्यांनी त्याला सौनाच्या खोलीत नेलं. दार उघडंच असतं, मला दिसतं. भिंतीवर ओळीने मोडके बोल्ट आणि खाली नावं. रेइनोचे दोन. ओरेनचा एक, त्याच्या बापाचा एक. मेरिल चिखलाचे हात पुसत ते वाचत राहिला. ओरेनने त्याला उलट्या आट्यांचं सांगितलं, तेव्हा तो आधी लाल झाला आणि मग हसायला लागला.

“तुम्ही दोघं बसून मजा बघत होता.”

“मी पुस्तकाचं विचारलं होतं,” एल्मा म्हणाली. “तू शाळेतही असाच होतास. बस चुकली तर पुढच्या थांब्यापर्यंत पळायचास, पण हात करून थांबवायचा नाहीस.”

“बरं, आता दुसरी चाकं तरी काढू द्या.”

“आधी मोडलंस ते बसव. नियम आहे. मोडलेला ट्रक आम्ही कुणाला देत नाही.”

ओरेन नवा खिळा शोधायला लागला. एल्माने त्याला थांबवलं. “माझा आहे ना रिकामा,” ती म्हणाली. “रेइनोच्या शेजारचा. माझ्या हातून आता काय मोडणार? त्यावर लाव याचा.” आणि ती पाठ फिरवून कॉफी तापवायला गेली. ती तिथे रडली, हे मी सांगितलेलं तिला आवडणार नाही, पण रडली.

बोल्ट बसवायचा म्हणजे चाक काढा, त्यामागचा ब्रेकचा ड्रम काढा, मोडलेलं बूड ठोकून काढा. मेरिलला ते एका शनिवारात जमलं नाही. पुढच्या शनिवारी तो परत आला आणि त्याच्या पुढच्याही. मध्येच कोपरापर्यंत ग्रीसने माखून विचारायचा, “हे काय आहे?” आणि कुणी सांगायच्या आत आपणच बोट घालून बघायचा. चाक परत चढलं त्या दिवशी एल्मा म्हणाली, “बस आता आत. ज्याने बसवलं त्याने चालवून दाखवायचं.”

“हाही नियम आहे?”

“आत्ताच केला.”

तो माझ्या स्टिअरिंगमागे बसला आणि किल्ली शोधायला लागला. एल्मा शेजारच्या सीटवर बसून मनसोक्त हसली. मग तिने त्याला शिकवलं. क्लच दाब, गिअर काढ, क्लच सोड, परत दाब, मग टाक. त्याने माझ्या गिअरांचं पीठ केलं. मी सहन केलं. एल्मा ओरडत होती, “अरे दगड आहे का तो? कान दे त्याला, कान.” टेकडीवरून खाली येताना एक गिअर अलगद पडला आणि मेरिल एकदम गप्प झाला. मी ते ओळखतो. रेइनोही असाच गप्प झाला होता.

खाली आल्यावर त्याने दांडी ओढून मला बंद केलं. एल्मा उतरली आणि माझ्या पुढच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाली, “मेरिल, ही अक्षरं वाच.”

त्याने वाचली.

“छावणीचा भटारखाना. हा कधी देशाबाहेर गेला नाही. याने बटाटे वाहिले. तुझी पाटी खोटी आहे रे.”

मेरिलने अक्षरांवरून बोट फिरवलं. “तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तुझं तोंड बघून धीर झाला नाही. माझं चुकलं.”

“मग वेस्लीसाठी काय लावू मी?” तो म्हणाला. पन्नाशीचा माणूस, पण आवाज शाळेच्या बसमधल्या पोराचा होता.

“वेस्लीचं नाव लाव,” एल्मा म्हणाली. “मी बस चालवायला लागले त्या पहिल्याच वर्षी तो माझ्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसायचा, रोज उतरताना थँक्यू म्हणायचा. तो खरा होता. त्याच्याखाली खोटं कशाला लिहितोस?”

मला बोलता आलं असतं तर मीही एक सांगितलं असतं. मी वेस्लीला रणभूमीवर नेलं नाही. पण विमानतळावर नेलेल्या मुलांत तो असेलही. मला त्यांची नावं कुणी सांगितली नव्हती. कदाचित माझ्या फळ्यांवर तो गप्प बसला असेल, आणि उतरताना थँक्यूही म्हणाला असेल.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी, चौकातल्या चौथऱ्यावर ट्रक नव्हता. मेरिलने घडवलेला साधा दगड होता आणि त्यावर फक्त नावं. डेल मिनियापोलिसहून आला होता. आईला माझ्या शेजारच्या सीटवर आणि स्टिअरिंगमागे मेरिलला बघून त्याने पायरीपाशी एक भक्कम लाकडी ठोकळा आणून ठेवला.

आमची दफनभूमी टेकडीवर आहे आणि चढ मोठा आहे. दरवर्षी म्हातारी मंडळी खालीच थांबायची, हातातली फुलं कुणाकडे तरी द्यायची. त्या दिवशी ओरेनने माझं मागचं फळकूट खाली पाडलं. काठ्या टेकत सगळे चढले. फळ्यांवर दाटीवाटीने बसले. ज्यांची मुलं, भाऊ, मित्र गेले होते ते सगळे. कुणी चेष्टा करत होतं, कुणी गाणं म्हणत होतं, बरेचसे गप्प होते. मी तो चढ पहिल्या गिअरमध्ये, माशांचा वास सोडत, न थांबता चढलो.

मित्रांनो, आमच्यावर प्रेम असेल तर आम्हाला चकचकीत करून उभं करू नका. आम्हाला काम द्या. गळलं तर पुसा, मोडलं तर मोडणाऱ्याने बसवा, आणि आम्ही जे केलं तेच सांगा, जास्त नको. तुमच्या चौथऱ्यांवर दुसरं काहीही ठेवा. मी नाही चढणार. माझे आटे उलटे आहेत.

टेकडीवर प्रार्थना झाली, फुलं वाहून झाली. मग सगळे परत माझ्यात चढून बसले. एल्माने मागे वळून पाहिलं आणि मेरिलला म्हणाली, “चल, सगळे आलेत.” त्याने बटण दाबलं. खाली येताना माझ्या फळ्या खडखडल्या नाहीत. मी माणसांनी भरलेला गेलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच तसाच भरलेला परत आलो.